देवाला आधीच सगळं माहीत असतं, मग ख्रिश्चन लोक प्रार्थना कशासाठी करतात?

तिळगूळ (इंदौर)
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचून निघून जाते, आज लिहायला बसलेय कारण ही गोष्ट वर्ष होत आलं तरी डोक्यातून जात नाहीये.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आई गेली. त्याआधी 23 दिवस आयसीयू. किडन्या, डायलिसिस, मग इन्फेक्शन, ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक मावशी राहतात, ख्रिश्चन आहेत, मराठीच, मूळच्या नगरकडच्या, नर्स होत्या आता रिटायर. आईची आणि त्यांची 18 वर्षांची मैत्री, इकडून भाजणीची चकली जायची तिकडून नाताळचा केक यायचा. त्या रोज संध्याकाळी भेटायच्या वेळात यायच्या, आईच्या पायथ्याशी उभ्या राहून डोळे मिटायच्या, पाचेक मिनिटं काहीतरी पुटपुटायच्या आणि जायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी आईला विचारलं होतं, मलाही विचारलं होतं, प्रार्थना केली तर चालेल का. आई मानेनं हो म्हणाली.

एकदा मी जवळ होते तेव्हा शेवटचं वाक्य ऐकू आलं, "तरी प्रभू, आमच्या नाही, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." खरं सांगते मला इतका राग आला. मी खजराना गणपतीला नवस बोलले होते, आई घरी आली की 21 दिवस अनवाणी येईन. आमचं सरळ असतं, मागतो ते मागतो. नाही झालं तर मी बाप्पाशी भांडलेसुद्धा. पण हे काय, की मागायचं आणि त्याच श्वासात मागणं परत घ्यायचं? मग मागितलंच कशाला?

दादा शेवटच्या दोन दिवसांत आला. रामबागच्या घरावरून आमचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. ते जाऊ दे, विषय तो नाही.

मावशींनी आईला एक मराठी बायबल दिलं होतं ते परवा कपाटात सापडलं. चाळताना मत्तयमध्ये वाचलं की तुमच्या गरजा काय आहेत हे तुमचा पिता तुम्ही मागायच्या आधीच जाणून आहे. मग तर अजूनच कळेना. त्याला माहीत आहे, तो त्याच्या इच्छेनंच करणार आहे, मग प्रार्थनेचं काम काय उरलं? मावशींना विचारायची हिंमत होत नाही, त्यांना लागेल. जाणकारांनी सांगा. कुणाची टर उडवायला धागा काढलेला नाही, प्लीज.

निवृत्त_गार्ड (महू)
ताई, आधी आईंबद्दल वाईट वाटलं. मी ख्रिस्ती आहे, घराणं नगर जिल्ह्यातलं, रेल्वेत नोकरी करून इकडे स्थायिक झालो. इकडे उपासना हिंदीत होते पण घरी प्रार्थना मराठीतच येते तोंडात, काय करणार.

तुम्ही जे वचन वाचलंत ना, मत्तय 6:8, त्याच्या पुढचीच ओळ पाहा. "तुमचा पिता जाणून आहे" असं सांगून येशू थांबत नाही, लगेच म्हणतो, म्हणून तुम्ही अशी प्रार्थना करा, आणि तिथेच "हे आमच्या स्वर्गातील पित्या" ही प्रार्थना सुरू होते. म्हणजे जी गोष्ट तुम्हाला प्रार्थना न करण्याचं कारण वाटते तीच तो प्रार्थना करण्याचं कारण म्हणून सांगतोय. त्याच्या आधीच्या ओळीत त्याने बजावलंय की उगीच बडबड करू नका, फार बोललं की ऐकलं जातं असं समजू नका. देवाला माहिती पुरवायची नाहीये, तो बाप आहे, त्याच्याशी बोलायचंय. माझी नात शाळेतून आल्यावर सगळं सांगते, डब्यात काय होतं तेसुद्धा, डबा मीच भरलेला असतो. मी तिला कधी म्हणत नाही की मला माहीत आहे, गप्प बस.

भिया_इंदौरी
काका नातीचं बेस्ट. माझी आजी पोह्यांवर शेव किती टाकू ते रोज विचारायची, 30 वर्षं उत्तर तेच होतं, जास्त. पण विचारल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही आणि मलाही.

तर्कतीर (पुणे)
तिळगूळ, तुमच्या दुःखाचा पूर्ण आदर ठेवून लिहितो. तुमचा राग मला योग्यच वाटतो. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" हे वाक्य जोडलं की प्रार्थना कधीच खोटी ठरू शकत नाही. बरं झालं तर देवाने ऐकलं, नाही झालं तर त्याची इच्छा. असं विधान तपासताच येत नाही.

आणि जिथे तपासलं गेलं तिथे काय निघालं तेही सांगतो. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1872 मध्ये हिशोब मांडला होता, इंग्लंडमध्ये राजघराण्याच्या दीर्घायुष्यासाठी चर्चमध्ये जाहीर प्रार्थना होतात मग ते जास्त जगायला हवेत, तर त्याच्या आकड्यांत ते बाकीच्या सुखवस्तू वर्गांपेक्षा कमीच जगत होते. अलीकडचं म्हणजे 2006 चा अमेरिकेतला अभ्यास, 6 हॉस्पिटलं, बायपासचे 1802 रुग्ण. दोन गटांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही, त्यातल्या एकासाठी झाली आणि एकासाठी नाही. गुंतागुंतीचं प्रमाण 52 टक्के आणि 51 टक्के, म्हणजे फरक नाही. तिसऱ्या गटाला सांगितलं की तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होतेय, त्यांच्यात 59 टक्के.

रामबागवाली
तिसऱ्या गटात जास्त??

तर्कतीर
हो. कारण नक्की सिद्ध नाही. एक शक्यता अशी मांडली गेली की रुग्णाला टेन्शन येत असावं, आपल्यासाठी प्रार्थना करावी लागतेय म्हणजे आपलं काही खरं नाही.

डॉ_रात्रपाळी (इंदौर)
आयसीयूतच काम करते म्हणून तर्कतीर यांच्यात थोडी भर घालते. तो अभ्यास मलाही माहीत आहे आणि मला तो पटतो, पण त्यात प्रार्थना करणारी माणसं रुग्णांना ओळखत नव्हती. त्यांना फक्त पहिलं नाव आणि आडनावाचं पहिलं अक्षर अशी माहिती होती, आणि काय म्हणायचं तेही ठरवून दिलेलं. औषधाचा डोस तपासतात तसं ते तपासलंय, त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालं. समोरच्या फ्लॅटमधली मैत्रीण 23 दिवस पायथ्याशी येऊन उभी राहते हे त्यात बसतच नाही.

माझं निरीक्षण आहे, अभ्यास नाही. आयसीयूत आठवड्यानंतर नातेवाईक कमी होत जातात. वाईट म्हणून नाही, थकतात, ऑफिस असतं, शिवाय बघवत नाही. आत येऊन करायचं काय हा मोठा प्रश्न असतो, पेशंट बोलत नाही, तुम्ही मॉनिटरकडे बघता. ज्यांच्याकडे प्रार्थना असते, मग जप असो, दुवा असो, काही असो, त्यांच्याकडे तिथे उभं राहायला काहीतरी काम असतं. ते बेडकडे बघतात. मी स्वतः काही मानत नाही पण हे रोज दिसतं.

तिळगूळ
डॉक्टर, हे वाचून रडू आलं. मी मॉनिटरकडेच बघायचे.

वसईची_वेल
मी कॅथलिक, वसईची. आमच्यात मागणं भरपूर असतं, नऊ दिवसांची नोव्हेना, जपमाळ, मेणबत्त्या. बोललेलं फेडायला वेलांकणीला जाणारे तर घरोघरी सापडतील. त्यामुळे तिळगूळ, नवस फक्त तुमच्याकडे असतो असं समजू नका हं, माणूस इथूनतिथून सारखाच.

पण लहानपणी आम्हाला शिकवलेलं की प्रार्थना चार प्रकारची. आराधना, पश्चात्ताप, उपकारस्मरण आणि मागणी. मागणी शेवटी. आम्ही पोरं पहिल्या तीन भराभरा उरकायचो आणि चौथीत सायकल मागायचो. सायकल बाबांच्या बोनसनेच आली.

बडोद्याची_सून
माझ्या मैत्रिणी बडोद्यात मेथॉडिस्ट चर्चच्या आहेत, त्यांच्या प्रार्थना सभेला एकदा गेले होते. गुजरातीतून प्रार्थना, आणि एक बाई उभी राहून सांगायला लागली की मुलाला नोकरी लागावी म्हणून दोन वर्षं प्रार्थना करतेय, अजून नाही लागली, तरी आभार मानते. मला तेव्हा कळलंच नव्हतं आभार कशाचे. नंतर खमण आणि चहा होता, विषय राहून गेला. आज आठवलं. कुणी सांगेल का?

स्पष्टवक्ता_१
मी कडू बोलणार आहे. आजारी माणसाच्या उशापायथ्याशी जाऊन प्रार्थना करणं ही पहिली पायरी असते, पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. बायबल आधीच कपाटात पोचलेलं आहे. आपण भोळे आहोत.

तिळगूळ
स्पष्टवक्ता, 18 वर्षं ओळखतेय. त्यांनी दोनदा विचारून मग डोळे मिटले. बायबल आईनं मागून घेतलं होतं, तिला डोळे चांगले होते तोवर सगळं वाचायची, दासबोधाशेजारीच ठेवलेलं होतं. आईच्या दहाव्याला मावशी दिवसभर स्वयंपाकघरात होत्या. तुम्ही म्हणता तसं कुठे होत असेलही, माझ्या घरात नाही झालं.

व्यवस्थापक
धर्मांतराच्या वादाला वेगळे धागे आहेत, इथे विषय प्रार्थनेचा हेतू हाच ठेवावा. यापुढचे विषयांतर उडवले जाईल. पोह्यांवरच्या शेवेला सूट आहे.

निवृत्त_गार्ड
बडोद्याच्या ताईंना उत्तर देतो आणि तर्कतीर साहेबांनाही, कारण दोन्हीचं मूळ एकच आहे.

"माझ्या इच्छेप्रमाणे नको तर तुझ्या इच्छेप्रमाणे" हे वाक्य पहिल्यांदा कुणी म्हटलं, कुठे म्हटलं ते पाहा. गेथशेमाने बागेत, पकडला जायच्या रात्री, येशू स्वतः. त्याला मरायचं नव्हतं. तो सरळ मागतोय, हे बापा, होईल तर हा प्याला माझ्यापुढून टळून जावो. लूक लिहितो की त्याचा घाम रक्ताच्या मोठ्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. आणि एकदा मागून थांबला नाही, मत्तय सांगतो तीनदा तेच मागितलं. शिष्य झोपलेले. आणि ते मागणं मान्य झालं नाही, दुसऱ्या दिवशी क्रूस. आता सांगा, हे वाक्य सुटकेची पळवाट म्हणून कुणी जोडलंय असं वाटतं का? ज्याला नाही हे उत्तर मिळालं त्याच्या तोंडचं वाक्य आहे ते. मावशी ते म्हणाल्या तेव्हा त्यांनी मागणं परत घेतलं नाही ताई. आधी पूर्ण मागितलं असणार, मग म्हणाल्या.

पौल, म्हणजे सुरुवातीच्या काळातला आमचा मोठा प्रेषित, त्याचंही तसंच. बायबलातल्या 2 करिंथ या पत्रात लिहितो की शरीरात एक काटा आहे, काय होता ते सांगत नाही, तो दूर व्हावा म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे." काटा राहिलाच. आमच्या धर्मातल्या दोन सगळ्यात मोठ्या माणसांच्या या प्रार्थना मागितल्या तशा पुऱ्या झाल्या नाहीत आणि त्या झाकून न ठेवता शास्त्रात लिहून ठेवल्यात. त्या बडोद्याच्या बाईंचे आभार त्या रांगेतले आहेत.

तर्कतीर
काका, हे माहीत नव्हतं इतक्या तपशिलात. मान्य, ती पळवाट नाही. पण मूळ प्रश्न तसाच आहे. देवाचा निर्णय बदलत नसेल तर मागण्याचा उपयोग काय, आणि बदलत असेल तर तो सर्वज्ञ कसा? दोन्ही एकदम कसं?

ओवीकार (ठाणे)
या कोड्यावर त्यांच्याकडे फार जुना विचार आहे, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

13 व्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने अगदी हाच प्रश्न घेतलाय. त्याचं म्हणणं, देवाने फक्त काय घडणार एवढंच ठरवलेलं नाही, ते कशामुळे घडणार तेही ठरवलंय. प्रार्थना ही त्या कारणांपैकी एक. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर पीक यायचं हे देवाच्या हाती आहे म्हणून कुणी पेरणी सोडत नाही, पेरणी करून आपण देवाचा बेत बदलतोय असंही कुणी समजत नाही. पेरणी त्या बेतातच आहे. त्याच्या मते आपण देवाचा बेत बदलायला मागत नाही, प्रार्थनेतून मिळावं असं त्याने जे ठेवलंय ते मिळावं म्हणून मागतो.

मला स्वतःला त्याहून ऑगस्टीनचं, उत्तर आफ्रिकेतल्या त्या जुन्या बिशपचं, जास्त भावतं. रोम 410 मध्ये लुटलं गेलं, त्यानंतर प्रोबा नावाची एक मोठ्या घराण्यातली विधवा आफ्रिकेत आली होती. तिनं त्याला विचारलं प्रार्थना कशी करू, आणि त्यानं तिला लांबलचक पत्र लिहिलं. त्यात तिळगूळ यांचाच प्रश्न आहे, देवाला माहीत असताना तो मागायला का लावतो. तो म्हणतो की आपली इच्छा त्याला कळावी म्हणून नाही, ती तर त्याला कळतेच, मागण्यानं आपली ओढ वाढावी म्हणून, कारण तो जे देणार आहे ते फार मोठं आहे आणि घेणारं आपलं भांडं लहान. मागत राहिल्यानं भांडं मोठं होतं. 1600 वर्षांपूर्वी एका बाईच्या साध्या प्रश्नाला इतक्या आपुलकीनं उत्तर दिलंय याचंच मला अप्रूप वाटतं.

तर्कतीर
पेरणीचं उदाहरण चांगलं आहे पण पेरणी आणि पीक यांचा संबंध मोजता येतो, इथे येत नाही. भांड्याचं मात्र मी नाकारू शकत नाही, कारण ते मागणाऱ्यात काय होतं त्याबद्दल आहे आणि ते खरंच होत असेल.

निवृत्त_गार्ड
मागणाऱ्यात बदल होतो एवढ्यावरच थांबलं तर मग ती प्रार्थना नाही राहत हो, व्यायाम होतो. पलीकडे कुणीतरी ऐकतोय या विश्वासावर सगळं उभं आहे. मी हे तुम्हाला सिद्ध करून देऊ शकत नाही. पण ते वगळून मला बोलताही येणार नाही.

लष्करकर (ग्वाल्हेर)
एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली का? त्यांची ती मुख्य प्रार्थना, स्वर्गातील पित्या वाली, मी आत्ता पुन्हा वाचून पाहिली. त्यात मी, मला, माझं कुठेही नाही. आमचा पिता, आमची रोजची भाकर, आमची ऋणं. एकट्यानं खोलीचं दार लावून म्हणायची प्रार्थना आहे, दार लाव असं वर सांगितलेलंही आहे, आणि तरी सगळं अनेकवचनात. मला एकदम पसायदान आठवलं. तिथेही ज्ञानोबा एवढा ग्रंथ सांगून झाल्यावर स्वतःसाठी काही मागत नाहीत, खळांचीसुद्धा व्यंकटी सांडो म्हणतात. लहानपणी आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या वाड्यात संध्याकाळी पसायदान झाल्याशिवाय जेवण नसे, भूक लागलेली असायची आणि आम्ही विश्वाचं कल्याण मागायचो.

ओवीकार
लष्करकर, अगदी हेच नाते रेव्हरंड ना. वा. टिळकांना दिसलं होतं. 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, पण परदेशी चालींवरची भाषांतरित गीतं त्यांना पुरेनात, म्हणून अभंग-भजनं लिहिली, आज मराठी चर्चमध्ये ती टाळ-पेटीवर म्हणतात. तुकोबांच्या वाटेनंच ते ख्रिस्ताकडे पोचले असं ते स्वतः मानत. त्याच्याही कितीतरी आधी, 1616 मध्ये, फादर स्टीफन्सनी गोव्यात ख्रिस्तपुराण ओव्यांमध्ये लिहून छापलं, जवळजवळ 11 हजार ओव्या. म्हणजे मराठीत येशूशी बोलायचं तर ओवी-अभंगात बोलायचं हे 400 वर्षांपासून चालू आहे.

निवृत्त_गार्ड
आमच्या आईला टिळकांची गीतं तोंडपाठ होती, वाचता येत नव्हतं तिला. जात्यावर म्हणायची.

पोळीभाजी
मला एवढं तत्त्वज्ञान नाही कळत. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तिथल्या सिस्टरनी एका ब्रदर लॉरेन्सची गोष्ट सांगितलेली, पॅरिसच्या मठात 17 व्या शतकात स्वयंपाकघरात काम करायचा. त्याला चॅपलमध्ये गुडघ्यावर बसणं आणि भांड्यांच्या गडबडीत असणं यात फरकच वाटायचा नाही, दोन्हीकडे देवाशी बोलणं चालूच. मी हिंदू आहे पण पोळ्या लाटताना ते आठवतं, रोज 22 पोळ्या होतात, नाहीतर डोकं फिरेल.

भिया_इंदौरी
22 पोळ्या! ताई तुमच्यासाठी आम्हीच प्रार्थना करतो.

वसईची_वेल
मघाशी राहिलं. तिळगूळ, मावशींना आईसाठी आताही प्रार्थना करायला सांगा ना. आमच्याकडे 2 नोव्हेंबरला सगळ्या मृतांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, असते, कबरींवर दिवे लावतो, वर्षभर नाव देऊन मिस्सा सांगतात. गेलेल्या माणसाशी नातं तुटत नाही.

निवृत्त_गार्ड
मावशी प्रॉटेस्टंट असतील तर तसं करणार नाहीत बहुतेक. आमच्यात गेलेल्यांसाठी मागत नाहीत, ते देवाच्या हाती सोपवलेले असतात, मागायचं ते मागे राहिलेल्यांसाठी. यावर कॅथलिक आणि आम्ही 500 वर्षं भांडतोय, इथे नको सुरू करू या.

वसईची_वेल
नको काका, आत्ता नको.

रामबागवाली
या धाग्यावर एक गोष्ट यायलाच हवी होती, इंदौरवाले असून कुणी कशी नाही लिहिली? सिस्टर राणी मारिया. केरळच्या, उदयनगर भागात काम करायच्या, आदिवासी गरीब लोकांना सावकाराच्या कर्जातून सोडवायचं, बँकेचं, सरकारी योजनांचं समजावून सांगायचं. ज्यांचं नुकसान होत होतं त्यांनी सुपारी दिली. 25 फेब्रुवारी 1995, उदयनगरहून इंदौरला येणाऱ्या बसमध्ये, भर प्रवाशांसमोर चाकूने मारलं. 50 हून जास्त जखमा होत्या. मारणाऱ्याला जन्मठेप झाली. आणि मग त्यांची सख्खी धाकटी बहीण, तीही सिस्टरच, तुरुंगात गेली आणि त्याच्या हातावर राखी बांधून आली. त्याच्या सुटकेसाठी त्या घरच्यांनीच खटपट केली, 2006 मध्ये तो सुटला. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदौरमध्ये सिस्टरना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा केवढी गर्दी होती.

वर लष्करकरांनी ऋणाचं लिहिलं म्हणून आठवलं. जसे आम्ही आमच्या ऋण्यांचे ऋण सोडले तसे आमचे ऋण सोड, असं आहे ना ते? सिस्टर लोकांना कर्जातून सोडवत होत्या, आणि बहिणीनं सगळ्यात मोठं कर्ज सोडलं. ती प्रार्थना ती बाई रोज म्हणत असणार, लहानपणापासून. एक दिवस ती करावी लागली. मला तरी प्रार्थनेचा उपयोग म्हटलं की ती राखी दिसते.

डॉ_रात्रपाळी
अंगावर काटा आला. मी इथेच वाढले आणि राखीचं मला माहीत नव्हतं.

स्पष्टवक्ता_१
मी वर कडू लिहिलं होतं. माझी काळजी मी सोडलेली नाही, पण सिस्टरबद्दल माहीत होतं आणि त्या बहिणीपुढे हात जोडतो. माझ्या भावाचं मी इतकं नाही सोडू शकत.

तर्कतीर
हे माझ्या कुठल्याही आकडेवारीत बसत नाही हे मान्य करतो. एक विचारू का काका, मनापासून. ज्याला मागायला शब्दच सुचत नाहीत, किंवा विश्वासच उरलेला नाही, त्यानं काय करायचं असं तुमचं शास्त्र म्हणतं? माझे वडील गेल्या महिन्यात अॅडमिट होते, मी कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होतो. कुणाशी बोलत होतो माहीत नाही, पण बोलत होतो.

निवृत्त_गार्ड
साहेब, वडील बरे आहेत ना आता? पौलानं रोमकरांना लिहिलंय की प्रार्थना कशी करावी ते आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो, शब्दांत न येणाऱ्या कण्हण्यानं. कण्हणंसुद्धा चालतं. आणि बायबलातलं 88 वं स्तोत्र वाचा, 150 स्तोत्रांत ते सगळ्यात काळोखं, शेवटपर्यंत आशेची ओळ येत नाही, अंधार या शब्दावर संपतं. तेही प्रार्थनेच्या पुस्तकातच ठेवलंय आमच्या पूर्वजांनी. क्रूसावर येशूसुद्धा 22 व्या स्तोत्रातली ओळ ओरडला, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. ताई बाप्पाशी भांडल्या ना, ते आमच्या हिशोबात प्रार्थनेतच येतं.

तर्कतीर
बरे आहेत, घरी आलेत. 88 वं वाचतो.

बडोद्याची_सून
तिळगूळ कुठे गेल्या? चार दिवस झाले.

तिळगूळ
आले. सगळं वाचत होते, लिहायला जमत नव्हतं.

गार्डकाकांचं गेथशेमानेचं वाचून झाल्यावर मी काल संध्याकाळी समोर गेलेच. मावशी मेथी निवडत होत्या, मीपण बसले निवडायला. विचारलं, मावशी तुम्ही आईसाठी इतकं मागितलंत आणि ती गेलीच, तुम्हाला देवाचा राग नाही का आला? त्या म्हणाल्या आला ना, पहिल्या आठवड्यात फार आला, बरी कर बरी कर हेच मागत होते मी. नर्स होते, क्रिएटिनिन, किडनीचा तो आकडा, मला वाचता येत होता, तरी मागत होते.

मग म्हणाल्या, आठव्या-नवव्या दिवशी ट्यूब टाकायच्या आधी आईनं त्यांना जवळ बोलावलं आणि सांगितलं, माझ्यासाठी आता पुरे, माझ्या दोन पोरांसाठी माग, ती एकमेकांशी बोलत नाहीत. त्यानंतरचे सगळे दिवस मावशी ते मागत होत्या. मी जे ऐकलं ना, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, ते त्या दिवसांतलं होतं. आईच्या तब्येतीबद्दल नव्हतंच ते. मी वर्षभर ज्या वाक्यावर चिडून होते ते माझ्याबद्दल होतं, माझ्या आणि दादाबद्दल.

मी विचारलं, मला तेव्हाच का नाही सांगितलंत. तर म्हणाल्या, तुला सांगितलं असतं तर तू आईसाठी म्हणून बोलली असतीस, दोन दिवस. मला अजून थोडा राग आहे याचा. सांगायला हवं होतं असं मला वाटतं.

वसईची वेल, तुमचं विचारलं मी. गार्डकाका बरोबर आहेत, त्या म्हणाल्या आईसाठी आता नाही मागत, ती पोचली तिथे तिला काही कमी नाही. तुम्हा दोघांसाठी मागते, रोज, भाजी टाकल्यावर कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत.

रामबागवाली
आणि दादा?

तिळगूळ
नाही केलेला फोन. नंबर काढून बसले होते काल रात्री. घराचं तसंच आहे, त्याच्या वकिलाची नोटीस माझ्याकडे पडून आहे, ते काही एका फोननं मिटणार नाही आणि माझीच सगळी चूक आहे असंही मी म्हणणार नाही. पण वर्षश्राद्ध 19 दिवसांवर आलंय, गुरुजी विचारत होते कोण करणार. ते विचारायला तरी फोन करावाच लागेल मला. उद्या करीन बहुतेक.

भिया_इंदौरी
ताई सकाळी करा, पोहे खाऊन. रिकाम्या पोटी भांडण लवकर होतं.

लष्करकर
उद्या संध्याकाळी आमच्याकडे पसायदानाला बसताना तुम्ही दोघं लक्षात असाल.

निवृत्त_गार्ड
आमच्याकडेही, रात्री साडेनऊला. नाव नको कळायला, चालतं.

तर्कतीर
मी प्रार्थना करत नाही. पण साडेनऊला माझ्या लक्षात असेल.

तिळगूळ
मावशींना वर्षश्राद्धाचं जेवायला बोलावलंय. आदल्या रात्री वडे तळायला येते म्हणाल्या, आणि विचारलं, पान वाढलं की मी मनातल्या मनात प्रार्थना केली तर तुमच्या गुरुजींना चालेल ना. मी म्हटलं विचारते. मग म्हणाल्या, दादाला तुझ्याच हातचे वडे आवडतात ना, तूच तळ, मी पीठ भिजवून देते.